वकीलसाहेबांचा हुनर

कार्तिक वद्य ४, शके १८५९

फेकला! भर अंगणात, तुळशीपाशी. हैदराबादेहून एवढ्या हौसेनं आणलेला विलायती पाइप. आत्याबाई — सासूबाई माझ्या — माजघरातून ओरडल्या, "काय फुटलं वं?" काही नाही, म्हटलं. तुमच्या मुलाची हौस फुटली — हे मनात.

दिवाळीपासून पाहून राह्यले मी. ओढताना ह्यांचे गाल असे आत जातात की कोय चोखून राह्यलेत वाटावं. आत पाणी बुडबुडतं. मधेच विझतो. जिभेला चटका बसतो. क्लबात बाकीचे अंमलदार मजेत धूर सोडत असणार आणि आमचे वकीलसाहेब काड्यांवर काड्या ओढत असणार. कुणीतरी हसलं असेल. त्याचा राग इथं, तुळशीवर.

मी उचलून ठेवला. फुटला नाही. लाकूड झकास आहे — गाठाळ, जड, कसल्यातरी मुळीचं.

कार्तिक वद्य ५

दुपारी आत्याबाई आडव्या झाल्यावर सरपणाच्या खोलीत नेऊन सोडवून पाहिला. लाकडाची वाटी नि दांडा एक, तोंडात धरायची काळी नळी दुसरी. नळीला खुंटी, ती दांड्याच्या भोकात बसते. रिकामाच तोंडाला लावून श्वास ओढला. शिटी! बारीक, कुजकी शिटी.

आप्पा म्हणायचे — आवाज आला तिथं हवा अडली. माहेरी उमरखेडला सगळ्या मुलखातल्या बाजाच्या पेट्या आप्पांकडे दुरुस्तीला यायच्या. पेटीतली पितळेची एकेक सूरपट्टी ओठांवर धरून श्वास घेऊन पाहायची, मग कानस, मग पुन्हा ओठ. भावाला त्याचा कंटाळा. माझाच हात बसला. "पोरगी आहे म्हणून, नाहीतर दुकानावर हिचं नाव घातलं असतं," असं आप्पा आल्यागेल्याला सांगायचे. मग लग्न ठरलं. नाव दुकानावर नाही, पत्रिकेवर लागलं. ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली आप्पांनी बारीक कानशींची जुडी ठेवली होती. कुणाला बोलले नाहीत. मीही नाही.

तर पाइप. खुंटी भोकाच्या तळाला टेकतच नाही. मधे पोकळ जागा राहते, धूर तिथं गार होऊन पाणी धरतो. दांड्यातलं छिद्र अरुंद नि खरबरीत. तोंडाकडची फट तर सुई जेमतेम जाईल एवढी. विलायतेतले लोक पैसे घेऊन असं काम करतात!

कार्तिक वद्य ८

केलं. सायकलच्या चाकाची मोडकी तार चुलीत लाल करून टोक ठोकलं, कानशीनं धार दिली. ती बोटांत फिरवत फिरवत दांड्यातलं छिद्र मोकळं केलं. दांड्याचं तोंड थोडं घासून आखूड केलं — खुंटी आता तळाला टेकते. खुंटीचं छिद्र आतून नरसाळ्यासारखं उतरतं केलं. तोंडाकडची फट कानशीनं रुंद. शेवटी दोऱ्याला राख-तेल लावून सगळी वाट घोटून काढली. आंगठा भाजला. भाजू दे.

ओढून पाहिला. आवाज नाही! काहीच नाही. श्वास असा गेला की मधे वस्तूच नाही जशी काही.

या घरात आल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हे लिहायलाही लाज वाटते.

कार्तिक वद्य ९

ह्यांनी भरला, पेटवला, ओढला. डोळे मोठे. "अवं, काय जादू केलीस!" मला म्हणाले. मला! लग्न नवं होतं तेव्हा हसत तसे हसले. एकदा पेटवला तो जेवण वाढेपर्यंत चालला. आत्याबाई म्हणाल्या, "आता हा वास दिवसभर."

मार्गशीर्ष शुद्ध ३

आज जेवताना स्वतःच सांगून राह्यले. आनंदानं.

जंगलखात्याचे मोहतमीम, इथले मुख्य अंमलदार, म्हणजे इथल्या साऱ्या सागवानाचे धनी. हशमतसाहेब नाव. खानदानी माणूस, विलायतेत शिकून आलेले, पाइपाचे मोठे शौकीन. क्लबात ह्यांचा पाइप हातात घेऊन म्हणाले, "वकीलसाहब, आपका पाइप तो साँस लेता है! किसने बनाया?"

"मग तुमी काय म्हणालात?"

"म्हटलं, जी, घर पे थोड़ा हाथ फेरा है."

मी वरण वाढत होते. वाढत राह्यले. कुणाचा हात?

"अवं, तिथं बायकोचं नाव कसं घ्यायचं," म्हणाले. आणि भात मागितला.

मार्गशीर्ष शुद्ध ७

रुमालात गुंडाळून हशमतसाहेबांचे पाइप आले. "तुलाच जमेल," असं म्हणून माझ्यापुढे ठेवले. इतक्या गोडीनं की मला नाही म्हणता आलं नाही. खोटं कशाला लिहू — नाही म्हणायचंच नव्हतं. रुमाल सोडतानाच बोटं शिवशिवून राह्यली होती.

मार्गशीर्ष शुद्ध १५

हशमतसाहेबांना मी जन्मात पाहिलं नाही. पण डाव्या दाढेनं चावतात हे मला ठाऊक. विचारात पडले की जास्त चावतात. तंबाखू ओली भरतात, घाईनं ओढतात, म्हणून वाटीचा काठ एका बाजूनं जळतो. एका पाइपाच्या वाटीत छिद्र तळाच्या बरंच वर पाडलेलं होतं, खाली चिखल साचायचा. ते खाली उतरवलं. गोड चालतो म्हणे आता. साहेब ह्यांना म्हणाले, "हुनर है आपके हाथ में." हे मला सांगताना ह्यांना काहीसुद्धा वाटत नाही! स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहतात, खरंच काही आहे जसं काही तिथं.

हे सगळं कशासाठी तेही आज कळलं. जंगलखात्याची सरकारी वकिली रिकामी होणार आहे. मोहतमीमांची शिफारस लागते.

मार्गशीर्ष वद्य ६

आज घात झाला.

सरपणाच्या खोलीत हशमतसाहेबांचा पाइप तोंडाला लावून हवा पाहून राह्यले होते आणि दारात आत्याबाई! त्यांना काय वाटलं असेल? सून पाइप ओढते! "अवं भवाने!" — आणि रडायलाच लागल्या. मी समजावते तर ऐकत नाहीत. माझ्या हाताला शिवायलाही तयार नाहीत.

हे कचेरीतून आले. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. पाइप मधे पाटावर, मुद्देमाल ठेवावा तसा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं — आई, ही दुरुस्त करते, हिला येतं.

हे काय म्हणाले? "माझाच पाइप आहे तो. साफ करून राह्यली होती. नवऱ्याचं उष्टं बायकोला चालतं."

आत्याबाईंचं रडं थांबलं. तरी मला पंचगव्य घ्यायला लावलं आणि उद्यापर्यंत देवघरात यायचं नाही. मी घेतलं. गोमूत्राची चव जाता जात नाही. पण त्याहून ते वाक्य जात नाही. माझाच पाइप. साफ करून राह्यली होती.

मार्गशीर्ष वद्य ७

आज विचारलं. "काऊन नाही सांगितलं?"

म्हणाले, "मोहतमीमांच्या पाइपाला तुझं तोंड लागतं हे आईला सांगू? परपुरुषाचं उष्टं? मुसलमानाचं? गावात राहू देतील आपल्याला?"

"मग मला करायला काऊन देता?"

हे उठले. पगडी घालून निघून गेले.

पौष शुद्ध १३, संक्रांत

हळदीकुंकू. बायका आल्या, तिळगूळ, हलव्याचे दागिने, सगळं. जयवंताबाई — पोलिसातल्या अमीनसाहेबांच्या घरच्या, शेजारीच राहतात — मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांच्या हातात काय कला आहे वो! आमच्या ह्यांचा पाइप असा करून दिला की रात्रंदिवस तोंडातच." सगळ्या माझ्याकडे कौतुकानं पाहून राह्यल्या. नशीबवान म्हणून!

मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हटलं.

आंगठ्याला आता घट्टा पडलाय. एकीनंही पाहिला नाही.

पौष वद्य २

आज पुन्हा बोलले. भांडले नाही, नीट बोलले. म्हटलं, गावाला नका सांगू. आत्याबाईंना नका सांगू. एकट्या साहेबांना सांगा. एकदा. बायकोचं काम आहे एवढंच. माझं नावही नको.

मिशीला हात लावून ऐकलं. मला वाटलं हो म्हणतात. मग म्हणाले, "शिफारस होऊ दे. मग पाहू."

मग पाहू! माझ्या सासरची कुळदेवता दुसरी कोणती नसावी — मग-पाहू-देवी.

पौष वद्य ५

काही नाही. चार पाइप आले. (क्लबातले आता सगळेच धाडतात.)

पौष वद्य ९

आप्पा आले! न कळवता. पैनगंगा उतरून, किनवटला गाडी धरून, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी संत्री. किती वाळलेत. बोटं तशीच — लांब, टोकाला चपटी. पाया पडले तर डोक्यावर ठेवलेला हात काढेनात.

उद्या राहणार. परवा सकाळच्या गाडीनं जाणार. लेकीच्या घरी जास्त राहू नये म्हणे.

पौष वद्य १०

सकाळी जेवणं झाल्यावर लिहायला बसले होते, लिहिता आलं नाही. आता लिहिते.

पुरुषांची पंगत झाली, विडे झाले. हे पाइप घेऊन आप्पांसमोर बसले. मी दाराआड. आप्पांनी सहज विचारलं, "जावईबापू, हा नवा शौक?" झालं! ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. पाइप सोडवला. नळी वेगळी, दांडा वेगळा. आणि आप्पांना — माझ्या आप्पांना! — हवेचं शास्त्र समजावून सांगू लागले.

"आता पाहा, ही खुंटी तळाला टेकली पाहिजे. पोकळी राहिली की हवा तिथं घुटमळते. आवाज आला तिथं हवा अडली, समजा."

शब्दनशब्द! माझ्याकडून ऐकलेलं, मी आप्पांकडून ऐकलेलं, ते हे आप्पांना सांगून राह्यले होते. "हळूहळू माझ्याच लक्षात आलं हे," असं म्हणाले. "सगळे अंमलदार मलाच धाडतात आता."

आप्पांनी पाइप हातात घेतला. उजेडाकडे धरून नळीच्या फटीत पाहिलं. मग खुंटीत. आप्पा कानस एका बाजूनं उतरती मारायला शिकवतात, शेवटी हात उलटा वळवून. तशी कानस या मुलखात दुसरं कुणी मारत नाही. आप्पांना एका नजरेत कळलं. मला दाराआडून कळलं की त्यांना कळलं. त्यांनी मान वर केली नाही, दाराकडे पाहिलं नाही. रिकामा पाइप ओठाला लावून हळूच श्वास घेतला, आणि परत दिला.

"वा, जावईबापू," म्हणाले. "छान हात आहे तुमचा."

मुलीचा बाप! दुसरं काय म्हणणार? दुसरं म्हणता येत नाही म्हणूनच तर मुलीच्या बापाशी लोक एवढे मोकळेपणानं बोलतात.

मी आत जाऊन पाण्याचा हंडा उगाच रिकामा केला नि पुन्हा भरला.

पौष वद्य ११

आप्पा गेले. हे स्टेशनवर पोचवायला गेले, कौतुकानं, टांगा करून. निघताना मी नमस्काराला वाकले तेव्हा आप्पा फक्त माझ्या कानाशी बोलले, "आवाज येत नाही. पोरी, माझ्याही हातून इतकं साफ होत नाही."

एवढंच. टांगा वळला.

आता हे ऐकून मी काय करू? कुठं ठेवू?

पौष वद्य १४

ह्यांच्याशी बोलत नाही. ह्यांच्या ध्यानातही आलेलं नाही. स्टेशनवरून आल्यापासून जरा गप्पच आहेत, पण ते शिफारशीच्या काळजीनं असणार. माणूस गप्प झाला की त्याला मन असतं असं थोडंच आहे.

माघ शुद्ध ३

हशमतसाहेबांकडून एक पाइप आला. या वेळी रुमालात नाही, मखमलीच्या पेटीत. जुना, काळाभोर, दांड्यावर चांदीची पट्टी. साहेबांच्या वडिलांचा. वडील गेले, तेव्हापासून हवा जात नाही त्यातून, काहीतरी आत गच्च बसलंय. हैदराबादेच्या कारागिरांनी हात लावला नाही, फुटेल म्हणाले. ईदेच्या दुसऱ्या दिवशी बंगल्यावर दावत आहे, सगळे अंमलदार येणार. तिथं तो ओढायचा आहे त्यांना.

"हे जमलं की शिफारस झालीच," हे म्हणाले. मग थोडं थांबून, "फार जपून कर. त्यांच्या वडिलांचा आहे."

वडील मलाही आहेत.

माघ शुद्ध ५

गच्च बसलेलं काढलं. काय असावं? जुन्या तंबाखूचा डांबरासारखा गोळा, वर्षानुवर्षांचा. दारूत भिजवलेल्या दोऱ्यानं मऊ केला, मग तार, मग पुन्हा दोरा. जुन्या लाकडाला जोर चालत नाही. दोन दुपारी गेल्या. आतून लाकूड निघालं ते इतकं सुंदर, मधाच्या रंगाचं.

आज संपवता आलं असतं. संपवलं नाही. पाइप मांडीवर घेऊन नुसती बसून राह्यले.

माघ शुद्ध ७, रथसप्तमी

केलं. लिहून टाकते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

वाटीचा तळ आतून कोरला. हलक्या हातानं, गोल, पापडाएवढा पातळ होईपर्यंत. उजेडाकडे धरला तर लाल दिसत होता. मग राख आणि डिंक कालवून वरून लिंपला, वाळवला, काजळी चोळली. कुणाच्या बापाला कळणार नाही. पहिल्यांदा भरला की सुरेख चालेल. दुसऱ्यांदाही चालेल. मग निखारा खाली उतरेल आणि तळ जळून हातात येईल. मोहतमीमसाहेबांच्या हातात. सगळ्या कचेरीसमोर.

मग म्हणा, घर पे हाथ फेरा है!

बाकी काम चोख केलं. खुंटी, फट, नळी, सगळं. ओढून पाहिला. आवाज नाही. माझ्या हातून इतकं साफ काम कधी झालं नव्हतं.

पेटीत ठेवून झाकण लावलं.

माघ शुद्ध ८

हे पेटी उघडून बघत बसले. पाइप फिरवून फिरवून पाहिला. म्हणाले, "सुभद्रे, हे काही वेगळंच झालंय."

कितीक वर्षांनी नावानं हाक मारली. वेळ बघून मारली! शिफारस जवळ आली ना.

माघ शुद्ध ११

आज ईद. दुपारी अत्तराचा वास नव्या कपड्यांबरोबर रस्त्यानं जाऊन राह्यला होता. पोरं इकडून तिकडे. आत्याबाई म्हणाल्या, सणाचं काहीतरी गोड कर, आपलं नसलं तरी. आत्याबाईंचं मला कधी कळत नाही.

शिरा केला. करपला.

माघ शुद्ध १२

हे दावतीला गेलेत. नवी शेरवानी. बामनांसाठी फळं नि सुका मेवा वेगळा ठेवतात म्हणे. जाताना दारात थांबले. काहीतरी बोलायचं होतं. "येतो," एवढंच म्हणाले.

मी मनात म्हटलं, या. पाहू कसे येता ते.

माघ शुद्ध १३

काल सांजेलाच परत आले. चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं इतक्यात जळाला? नाही, इतक्यात नाही जळणार. स्वैपाकघरात आले — कधी येत नाहीत — आणि पाटही न घेता भिंतीशी बसले. ताक मागितलं. मग म्हणाले, "हात दाखव."

"काऊन?"

"दाखव तर."

माझा आंगठा धरून पाहिला. घट्टा, जुने भाजल्याचे डाग. बोटानं चाचपून पाहून राह्यले. मी हात ओढून घेतला. आता कौतुक! आता, शिफारस खिशात पडल्यावर! असा संताप आला की ताकाचं भांडं आपटलं.

भांडं उचलून सरळ ठेवलं. "कळेल तुला," म्हणाले आणि उठून गेले.

काय कळेल? मला सगळं कळतं.

माघ शुद्ध १४

जयवंताबाई सकाळीच धावत आल्या. उंबऱ्यातूनच, "अवो सुभद्राबाई, तुमी तर आमाला कधी बोलल्याच नाही!"

अमीनसाहेब होते दावतीत. त्यांनी घरी सांगितलं ते असं. हशमतसाहेबांनी मखमलीची पेटी उघडली, सगळ्यांना पाइप दाखवला, ह्यांच्या हुनराची तारीफ केली. हे उभे राहिले. म्हणाले, "हुजूर, माफ कीजिए. ये हुनर मेरा नहीं. पहला पाइप भी मेरा किया हुआ नहीं. ये सब मेरे घरवालों का काम है. सुभद्राबाई नाम है." आणि पुढं हेही म्हणाले की तिनं ते तिच्या वडिलांकडून घेतलं, हे मला त्यांना स्टेशनवर गाडीत बसवताना उमजलं, आता मला दोघांपुढेही तोंड दाखवायला जागा नाही.

कुणीतरी हसलं. तिकडून कुणीतरी म्हणालं, वकिलाची बायको पाइप फुंकते! हे तसेच उभे. हशमतसाहेब मात्र हसले नाहीत. वडिलांचा पाइप कपाळाला लावला. म्हणाले, "हमारी बहन को हमारा सलाम कहिए." तिथंच भरला. एकदा ओढला नि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"इतका गोड चालतो म्हणे!" जयवंताबाई म्हणाल्या. "काल कचेरीतबी त्यायनं तोच भरला होता."

म्हणजे दोनदा.

त्या गेल्यावर ह्यांच्या खोलीपर्यंत गेले. हे खटल्याच्या कागदांची मिसल वाचत बसले होते. वर पाहिलं, पोरासारखं. मी बोलतेय का याची वाट पाहून राह्यले होते. हशमतसाहेबांकडे आत्ताच्या आत्ता जा, पाइप मागून आणा, म्हणा काम अर्धं राह्यलंय — एवढंच बोलायचं होतं. आत्याबाई मागून आल्या. गावातून त्यांच्याही कानावर आलं होतं. मला वाटलं आता आकांत होणार. त्या दारातच थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतं रे मला." ह्यांनी मान खाली घातली.

कसं बोलू? उद्या. उद्या सकाळी उठल्याबरोबर.

माघ पौर्णिमा

जळाला. आज सकाळी, भर कचेरीत, साहेबांच्या हातात. मी बोलायच्या आत.

हे दुपारी घरी आले. मी वाट पाहून राह्यले होते की आता फेकतील, ओरडतील. नाही. साहेबांनी राख झटकली म्हणे, चांदीची पट्टी तेवढी खिशात ठेवली, आणि निरोप धाडला, "बहनजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. लाकडाचं वय झालं होतं. हात का क़सूर नहीं."

"मीही तेच सांगितलं त्यांना," हे म्हणाले. "शपथेवर सांगितलं. हिच्या हातून कमी होणार नाही."

माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले.

मी म्हटलं, हो. जुनं लाकूड होतं.